प्राचीन रोममधील धर्मविधी आणि नागरिकांचे हक्क

आपल्या घरातील भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेले असते, त्याच्या बारा पानांवरची बाराही नावे रोमची आहेत. जानेवारी हा दाराचा देव जो जॅनस त्याचा महिना. मार्च हा मार्स या युद्धदेवाचा. जुलै ज्युलियस सीझरचा आणि ऑगस्ट सम्राट ऑगस्टसचा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांचा अर्थ सातवा, आठवा, नववा, दहावा असा होतो. कारण रोमचे वर्ष एके काळी मार्चपासून मोजले जात असे. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु खुद्द 'कॅलेंडर' या शब्दाचा मूळ अर्थ काय? रोमन लोक महिन्याच्या पहिल्या दिवसाला 'कॅलेंडी' म्हणत. त्या दिवशी पुरोहित लोकांना बोलावून महिन्याचा पुढचा मुख्य दिवस पाचवा की सातवा हे जाहीर करी. आणि त्याच दिवशी सावकार कर्जाचे व्याज वसूल करी. सावकाराच्या त्या खातेवहीला 'कॅलेंडारियम' म्हणत. म्हणजे ज्या शब्दाने आपण सणवार ओळखतो, तो शब्द मुळात कर्जाच्या वहीचा आहे.

पुरोहिताची घोषणा आणि सावकाराची वसुली एकाच दिवशी याव्यात हा केवळ योगायोग मानून पुढे जाता येईल. आम्हांला तसे करवत नाही. आयुष्याची तीस-एक वर्षे कामगार संघटनेच्या कामात घालवल्यावर माणसाला कोणत्याही व्यवस्थेकडे पाहताना एकच प्रश्न सुचतो: नियम कोणाच्या हाती आहेत, आणि ते ज्यांना लागू होतात त्यांना माहीत आहेत का? आज तोच प्रश्न आम्ही रोमच्या धर्मविधींना विचारणार आहोत.

धर्म म्हणजे कारभार

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. धर्म म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर श्रद्धा, भक्ती, मोक्ष, परलोक या गोष्टी येतात. रोमच्या सार्वजनिक धर्मात यांना फारसे स्थान नव्हते. देवावर तुमची निष्ठा किती, हे कोणी विचारीत नसे. विधी बिनचूक झाला की नाही, एवढेच पाहिले जाई. देव आणि नगर यांच्यातील हा एक प्रकारचा करारच होता. नगराने ठरलेला बळी, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या शब्दांत द्यायचा. देवाने पीक, पाऊस आणि विजय द्यायचा. करारात एक शब्द चुकला तर करार रद्द होतो, तसाच विधीही रद्द होई. म्हणून प्रार्थना म्हणताना एक जण लेखी मजकूर वाचून शब्द पुरवी, दुसरा लोकांना गप्प बसवी, आणि एखादा अशुभ आवाज कानी पडू नये म्हणून बासरीवाला सतत बासरी वाजवीत राही.

इ.स.पू. १७६ मधील गोष्ट पाहा. रोमजवळच्या आल्बन डोंगरावर लॅटिन नगरांचा मोठा उत्सव भरे. त्या वर्षी लॅन्यूव्हियम नावाच्या लहान गावाच्या अधिकाऱ्याने एका बळीच्या वेळी रोमन जनतेचे नाव घेण्याचे राहून गेले. झाले! सगळा उत्सव पुन्हा करावा लागला, आणि बळीच्या जनावरांचा खर्च लॅन्यूव्हियमच्या माथी बसला. या गावाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे आणखी एकदा यायचे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, रोममध्ये पुरोहितांचा वेगळा वर्ग नव्हता. पाँटिफेक्स हे धर्मशास्त्र व पंचांग सांभाळीत, ऑगर हे पक्ष्यांच्या उडण्यावरून आणि आकाशातील विजांवरून शकुन पाहत. पण ही माणसे कोण? तर सिनेटमध्ये बसणारे, सैन्य चालवणारे, जमिनी बाळगणारे खानदानी लोक. सकाळी शकुन पाहणारा दुपारी कायद्यावर भाषण करी. शकुनाशिवाय ना निवडणूक होई, ना लोकसभा भरे, ना सैन्य निघे. दिवसही वाटून दिलेले होते: काही दिवशी न्यायालय चाले, काही दिवशी चालत नसे, काही दिवशीच लोकसभा भरवता येई. हे दिवस कोणते, ते पाँटिफेक्सांना माहीत. दावा लावायचा तर कोणते शब्द उच्चारायचे, तेही त्यांनाच माहीत. साधा माणूस चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या शब्दांत दाद मागायला गेला की त्याचा दावा फुकट गेला. आजच्या भाषेत सांगायचे तर कायद्याचे पुस्तक, कोर्टाची तारीख आणि सभागृहाची किल्ली या तिन्ही गोष्टी एकाच टोळीच्या हाती होत्या, आणि त्यांवर देवाचा शिक्का होता.

डोंगरावर गेलेले लोक

या टोळीला पॅट्रिशियन म्हणत. बाकीचे ते प्लेबियन: शेतकरी, कारागीर, दुकानदार, आणि काही पैसेवालेसुद्धा. लढाईवर जायचे प्लेबियनांनी. परत यावे तो शेत पडीक, कर्ज वाढलेले, आणि कर्ज फिटले नाही तर सावकाराच्या घरी बेडी. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ४९४ मध्ये या लोकांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी शस्त्र उपसले नाही, घरे जाळली नाहीत. ते उठले आणि शहराबाहेर तीन मैलांवरच्या एका टेकडीवर जाऊन बसले. ती टेकडी पुढे 'पवित्र डोंगर' म्हणून ओळखली गेली. आम्हांला माहीत असलेल्या इतिहासातील मोठ्या संपांपैकी हा एक. ही हकीकत लिहिणारा लिव्ही हा त्यानंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी झाला, त्यामुळे तिच्या बारकाव्यांवर इतिहासकार वाद घालतात. परंतु लोकांचे असे निघून जाणे आणि त्यातून नवे अधिकारपद निर्माण होणे, हा रोमच्या राज्यघटनेचा पायाच होय.

समजूत घालण्यासाठी सिनेटने मेनेनियस ॲग्रिप्पा याला पाठवले. त्याने पोटाची आणि अवयवांची गोष्ट सांगितली. हात, तोंड, दात यांनी रुसून पोटाला अन्न देणे बंद केले आणि शेवटी सगळे शरीरच खंगले, अशी ती गोष्ट. शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट येते आणि तेथेच संपते. वस्तुतः लोक गोष्ट ऐकून परतले नाहीत. ते मागणी मान्य झाल्यावर परतले. ही मागणी म्हणजे त्यांचे स्वतःचे अधिकारी, ट्रिब्यून.

या ट्रिब्यूनांच्या हाती सैन्य नव्हते, शकुन पाहण्याचा पॅट्रिशियनांचा अधिकार नव्हता, मग त्यांचे रक्षण कोण करणार? येथे प्लेबियनांनी मोठी अक्कल दाखवली. त्यांनी देवांचे हत्यार वरिष्ठांच्या हातून घेऊन स्वतःच्या हाती धरले. सर्वांनी शपथ घेतली की, जो ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावील तो देवाच्या स्वाधीन झाला असे समजावे. म्हणजे त्याला कोणी ठार केले तरी तो खून नव्हे. त्याची मालमत्ता विकून टाकायची, आणि ती विक्री सेरीस देवीच्या देवळापाशी करायची. सेरीस ही धान्याची देवी. तिचे देऊळ इ.स.पू. ४९३ मध्ये ॲव्हेंटाइन टेकडीच्या उतारावर उभे राहिले. ते प्लेबियनांचे देऊळ, त्यांची कचेरी आणि त्यांचे दप्तर, असे सर्व काही होते. इ.स.पू. ४४९ नंतर सिनेटचे ठरावही तेथे आणून ठेवण्याचा नियम झाला, की कोणी मागाहून त्यांत फेरफार करू नये! ट्रिब्यूनने शहर सोडून एक दिवसही बाहेर राहायचे नाही आणि रात्रीसुद्धा घराचे दार बंद ठेवायचे नाही, असाही दंडक होता. आम्हां कार्यकर्त्यांना हा दंडक फार ओळखीचा वाटतो.

पंचांग उघडे झाले

यानंतरची दोनशे वर्षे हा लढा चालला, आणि प्रत्येक वेळी समोरून उत्तर आले ते धर्माचे. इ.स.पू. ४४५ मध्ये कॅन्युलियस नावाच्या ट्रिब्यूनने दोन वर्गांत विवाह कायदेशीर व्हावेत अशी मागणी केली, तेव्हा पॅट्रिशियन म्हणाले की अशाने रक्ताची सरमिसळ होईल आणि शकुनविधी बिघडतील. कायदा झाला. शकुन बिघडले नाहीत.

इ.स.पू. ३११ मध्ये एक मजेची पण अर्थपूर्ण घटना घडली. विधीच्या वेळी बासरी वाजवणाऱ्यांना ज्युपिटरच्या देवळात जेवणाचा जुना हक्क होता. तो सरकारने काढून घेतला. बासरीवाल्यांनी तंटा केला नाही. ते सगळेच्या सगळे उठून टायबर नदीच्या खोऱ्यापलीकडे नव्हे, तर ॲनियो नदीकाठच्या टिबूर गावी निघून गेले. आता बासरीशिवाय बळी देता येईना, आणि बळीशिवाय राज्याचा कारभार चालेना. सिनेटने टिबूरकरांकडे वकील पाठवले. टिबूरकरांनी आधी समजूत घातली, ती पटेना, तेव्हा सणाच्या निमित्ताने बासरीवाल्यांना भरपूर दारू पाजली, झोपी गेल्यावर गाड्यांत घातले आणि रात्रीच रोमच्या चौकात आणून सोडले. उन्हे वर आल्यावर ते जागे झाले. लोक भोवती जमले, तडजोड झाली: देवळात जेवण्याचा हक्क परत, शिवाय वर्षातून तीन दिवस सोंगे घेऊन गात-वाजवत शहरभर हिंडण्याची मोकळीक. लिव्ही म्हणतो की ही क्षुल्लक गोष्ट, धर्माशी तिचा संबंध नसता तर आपण ती सांगितलीही नसती. आमचे मत उलट आहे. सेनापतींच्या शंभर लढायांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. कारण राज्याचा गाडा कोणाच्या श्वासावर चालतो, हे एका दिवसात उघडे पडले.

पुढे इ.स.पू. ३०४ मध्ये नीयस फ्लेव्हियस याने त्याहून मोठा घाव घातला. हा गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसाचा मुलगा, पेशाने कारकून; तो एडाइल या पदावर निवडून आला. त्याने दाव्यांचे शब्द प्रसिद्ध केले, आणि न्यायालयाचे दिवस पांढऱ्या फळ्यांवर लिहून भर चौकात लावून टाकले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले गुपित भाजी आणायला निघालेल्या माणसालाही वाचता येऊ लागले. खानदानी लोकांचा संताप अनावर झाला. एकदा तो आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला असता तेथे बसलेले खानदानी तरुण त्याच्यासाठी उठून उभे राहिले नाहीत. फ्लेव्हियसने आपली अधिकाराची खुर्ची तेथेच मागवली आणि तीवर बसून त्यांच्याकडे शांतपणे पाहत राहिला.

चारच वर्षांनी, इ.स.पू. ३०० मध्ये, ओगुल्नियस बंधूंच्या कायद्याने पाँटिफेक्स आणि ऑगर या मंडळांत प्लेबियनांना जागा मिळाल्या. पाँटिफेक्स चाराचे आठ झाले, ऑगर चाराचे नऊ झाले. देवांचा कोप झाल्याची नोंद नाही.

शपथ, निधी आणि पुढारी

येथवर कथा चढत्या क्रमाने आली. पण हक्क एकदा मिळाला की तो कायमचा राहतो, हा भ्रम कोणी बाळगू नये. प्लेबियनांतील धनिक घराणी सिनेटमध्ये जाऊन बसली, जुन्या खानदानांशी सोयरिकी झाल्या, आणि नवा वरिष्ठ वर्ग तयार झाला. गरीब होता तेथेच राहिला.

इ.स.पू. १८६ मध्ये इटलीभर बॅकस देवाच्या भक्तांची मंडळे पसरली होती. त्यांत स्त्रिया होत्या, गुलाम होते, परगावचे लोक होते. सिनेटने अनाचाराचा आरोप ठेवून त्यांच्यावर कडक कारवाई केली. लिव्हीच्या सांगण्याप्रमाणे सात हजारांहून अधिक लोक त्यात गुंतलेले होते आणि पुष्कळांना देहान्त शिक्षा झाली. त्या वेळच्या हुकुमाची प्रत कोरलेला काशाचा पत्रा १६४० मध्ये दक्षिण इटलीत तिरिओलो येथे सापडला. तो वाचण्यासारखा आहे. देवाची पूजा सर्वस्वी बंद करा, असे त्यात नाही. त्यात आहे ते असे: सामाईक निधी ठेवू नका, प्रमुख नेमू नका, एकमेकांशी शपथेने बांधून घेऊ नका, परवानगीवाचून पाचांहून अधिक जण जमू नका. शपथ, निधी आणि पुढारी! तीन शतकांपूर्वी डोंगरावर गेलेल्या लोकांनी याच गोष्टींच्या बळावर आपले पाय रोवले होते. सिनेटला भय देवाचे नव्हते, संघटनेचे होते.

इ.स.पू. १३३ मध्ये तायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने सार्वजनिक जमिनी भूमिहीनांना वाटण्याचा कायदा केला. त्याच्या अंगाला हात लावणे हे महापाप. तरीही त्याला लाकडी सोट्यांनी भर सभेत ठार मारण्यात आले, त्याच्याबरोबर तीनशेहून अधिक माणसे मारली गेली, आणि प्रेते टायबर नदीत फेकण्यात आली. त्या जमावाच्या पुढे कोण होता? सिपिओ नासिका: त्या वेळचा मुख्य पाँटिफेक्स, रोमचा सर्वांत मोठा धर्माधिकारी, विधीला निघाल्याप्रमाणे डोक्यावर वस्त्र ओढून तो चालून गेला. त्याच वर्षी सिनेटने सेरीस देवीची शांती करण्यासाठी सिसिलीतील हेन्ना येथे वकील पाठवले. ज्या देवीच्या दारात ट्रिब्यूनच्या शत्रूची मालमत्ता विकायची, तीच ही देवी. मन खात असावे, असे म्हणायला जागा आहे.

इ.स.पू. ५९ मध्ये तर शकुनांची पुरती शोभा झाली. सीझरच्या जमीनविषयक कायद्याला त्याचा सहकारी कॉन्सल बिब्युलस याचा विरोध होता. चौकात लोकांनी त्याला हुसकावून लावल्यावर तो घरात जाऊन बसला आणि आपण आकाशातील शकुन पाहत आहोत असे रोज कळवू लागला. म्हणजे कोणताही कायदा होऊच नये. सीझरने लक्ष दिले नाही. पुढे हाच सीझर मुख्य पाँटिफेक्स या नात्याने पंचांग सुधारायला बसला. पुरोहितांनी वर्षे आखूड-लांब करून इतका घोळ घातला होता की, तो निस्तरण्यासाठी इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले. त्याचे काम चांगले झाले यात शंका नाही. पण ज्या किल्ल्या अनेकांच्या हाती याव्यात म्हणून लोक झगडले, त्या आता एकाच माणसाच्या हाती गेल्या. इ.स.पू. १२ पासून मुख्य पाँटिफेक्सचे पद सम्राटाकडेच राहिले.

लॅन्यूव्हियमची वर्गणी

मग सामान्य माणसासाठी काय उरले? याचे उत्तर त्याच लॅन्यूव्हियम गावात मिळते. रोमच्या आग्नेयेला सुमारे ३० किलोमीटरवरच्या या गावी १८१६ मध्ये एक शिलालेख सापडला. इ.स. १३६ मधील तो लेख म्हणजे गरीब लोकांच्या एका मंडळाची घटना आहे. डायना देवी आणि अँटिनोअस यांच्या पूजेसाठी हे मंडळ होते. त्याच्या सभासदांत गुलामही होते. प्रवेश फी १०० सेस्टर्स आणि चांगल्या दारूचा एक रांजण. मासिक वर्गणी ५ ॲस. चार ॲसांचा एक सेस्टर्स, तेव्हा वर्षाची वर्गणी १५ सेस्टर्स. सभासद वारला की अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स मिळायचे, त्यांतील ५० प्रेतयात्रेला आलेल्यांना वाटायचे. म्हणजे वीस वर्षांच्या वर्गणीइतकी रक्कम एका माणसाच्या शेवटच्या प्रवासासाठी सर्वांनी मिळून उभी करायची.

तपशील वाचताना आमचा ऊर भरून येतो. वीस मैलांपलीकडे कोणी वारला तर तिघांनी जाऊन त्याची व्यवस्था करायची आणि हिशोब द्यायचा. गुलाम सभासद वारला आणि मालकाने दुष्टपणाने प्रेत दिले नाही, तर त्याची प्रतिमा करून तिचा अंत्यविधी करायचा. गुलाम सभासद स्वतंत्र झाला तर त्याने चांगल्या दारूचा रांजण द्यायचा. सणाच्या भोजनात प्रत्येकाला दोन ॲसांची भाकरी आणि चार तारल्या. तक्रार असेल ती कामकाजाच्या सभेत मांडायची, जेवणाच्या पंगतीत नव्हे. पंगतीत गडबड करण्यासाठी जागा सोडून फिरेल त्याला ४ सेस्टर्स दंड. आणि सुरुवातीलाच सूचना आहे की, नव्या सभासदाने आधी नियम नीट वाचावेत, म्हणजे मागाहून कुरकूर नको. नियम दगडावर कोरून सर्वांसमोर उभे केलेले! फ्लेव्हियसची पांढरी फळी साडेचारशे वर्षांनी एका खेड्यातील गुलामांपर्यंत पोचली होती.

सरकारने अशा मंडळांना महिन्यातून एकदाच, तेही अंत्यविधीच्या वर्गणीसाठी जमण्याची मुभा दिली होती. मंडळे म्हटली की सत्तेला धास्ती वाटे. या लेखाच्या पाव शतक आधी, आशिया मायनरमधील निकोमीडिया शहर आगीत होरपळले असता, प्लिनी या सुभेदाराने दीडशे माणसांचे आग विझवणारे पथक काढण्याची परवानगी मागितली. सम्राट ट्रेजनने ती नाकारली. कारण दिले ते असे की, कोणत्याही नावाने माणसे एकत्र आली की थोड्याच दिवसांत त्यांचे राजकीय मंडळ बनते. घरे जळाली तर चालतील, पण माणसे जमता कामा नयेत!

रोमच्या धर्मविधींकडे पाहून हसणे सोपे आहे. पक्षी डावीकडून उडाला की उजवीकडून, यावर राज्य चालवणारे लोक भोळे होते, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. ते भोळे नव्हते. विधी म्हणजे सर्वांना बांधणारा शब्द, हे त्यांना पुरते ठाऊक होते; भांडण होते ते हा शब्द कोणी उच्चारायचा याबद्दल. तो मूठभरांच्या हाती राहिला तेव्हा त्याने कर्जदाराला बेडी घातली आणि भूमिहीनांच्या कैवाऱ्याचा जीव घेतला. तोच शब्द अनेकांनी मिळून उच्चारला तेव्हा निःशस्त्र ट्रिब्यूनभोवती भिंत उभी राहिली, आणि ज्याचे शरीरही त्याच्या मालकीचे नव्हते अशा गुलामाला मेल्यावर तरी चार माणसांच्या खांद्याचा मान मिळाला. तेव्हा कोणत्याही देवळात, कचेरीत वा सभागृहात पाऊल टाकताना नागरिकाने एवढे तरी विचारावे: येथले नियम कोठे लिहून लावले आहेत? फळी दिसत नसेल, तर ती लावण्याचे काम अजून आपल्याकडेच आहे.